रुदाइरोचा पांढरा झगा

आमच्या मंडळीला छप्पर नाही. शनिवारी प्रार्थनेला मुहाचा म्हणतात त्या झाडाखाली जमायचं, चपला लांब काढून, बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या. पवित्र आत्म्याने ज्याला अन्य भाषा दिली, म्हणजे ज्याच्या तोंडून कुणाला न कळणारे बोल आले, त्याला पांढरा झगा मिळतो. बाकीचे मागे, कुंपणापाशी बसतात.

माझी धाकटी जाऊ एडना. तिची लेक रुदाइरो जन्मापासून मुकी-बहिरी, म्हणजे कुंपण तिच्या पाचवीला पुजलेलं. गावात कुणी तापाने पडलं की ही पोरगी न सांगता पाण्याचा हंडा घेऊन दारात उभी राहायची. ते आत्म्याचं दान, कृपादान, म्हणून कुणी धरलं नाही. आत्मा फक्त तोंडावाटे येतो, असा आमच्या लोकांचा हट्ट! मला त्या हट्टाची चीड येते.

यंदा एडनाला खोकल्याने धरलं. रक्त पडायला लागलं. आमच्यात औषध घेत नाहीत, म्हणजे पुढचं काय ते ती समजून होती. झगा मिळालेल्या अनाथ लेकराला मंडळी घरात घेते, पोसते. बिनझग्याच्या मुलीला कोण विचारतं?

एडनाने लेकीच्या झग्यासाठी चिगुमिराबाबांचे पाय धरले. बाबा सगळ्या मंडळीचे प्रमुख, त्यांचा शब्द शेवटचा.

"हिच्यात मुका आत्मा बसलाय," बाबा म्हणाले. "तो काढू. मग बोलेल."

"बाबा, ती ऐकूच शकत नाही," मी म्हणाले.

"तुला कुणी विचारलं का, थोरल्या जाऊबाई?"

शनिवारी रुदाइरोला उपाशीपोटी मधोमध बसवली. चार बायकांनी धरली. गाणं टिपेला गेलं, पण तिच्यासाठी नुसतेच हलणारे जबडे. ती आईला शोधत होती. बाबांनी तिचा हात मागे वळवला आणि आत्म्याला हुकूम सोडला. पोरगी सुटायला झटली. हाड मोडल्याचं मी ऐकलं.

मग तिच्या गळ्यातून आवाज आला. लहानपणी चुलीत पडली होती तेव्हा असाच आला होता.

सगळे गुडघ्यांवर. तोबाइवा उठला. अन्य भाषेचा अर्थ सांगण्याचं कृपादान त्याच्याकडे आहे. डोळे मिटून म्हणाला, "ती म्हणते, प्रभू, मी तुझी आहे, मला आनंद झाला आहे."

"ती म्हणते, हात मोडला," एडना म्हणाली.

"अर्थ सांगायचं दान तुला मिळालंय का, रुदाइरोच्या आई?"

"मी तिची आई आहे. मला कळतं."

बाबा शांतपणे म्हणाले, "म्हणजे ही आत्म्याची भाषा नाही म्हणतेस? तसं असेल तर झगा परत ठेवतो. तूच सांग."

झगा त्यांच्या हातावर होता, नवा, कडक इस्त्रीचा. एडनाने त्याच्याकडे पाहिलं, मग मुलीच्या लोंबणाऱ्या हाताकडे. खोकल्याची उबळ आली. तिने फडक्याने तोंड पुसलं आणि झग्याकडे बघून मान डोलावली. मी तिला दोष देत नाही. मी देवाला देते.

झगा चढवताना मोडका हात बाहीत कोंबला. पोरगी पुन्हा ओरडली, मंडळीने पुन्हा हात वर केले. बायका हसत होत्या, रडत होत्या, तिच्या गालांवरून हात फिरवत होत्या. एकोणीस वर्षांत तिला कुणी असं जवळ घेतलं नव्हतं. ती एकेकीचा चेहरा नीट बघत होती.

कंबरेला पट्टा बांधायला बाबा पुढे झाले. त्यांचा हात अजून पोचलाही नव्हता. रुदाइरोने मान वर केली आणि तोच आवाज काढला, आपणहून, मोठ्याने, आणि मग सगळ्यांकडे पाहिलं, बरोबर झालं का विचारल्यासारखं.

एडना मातीत बसली. तोबाइवा अर्थ सांगायला उभा राहिला.