खरवडीची वाटणी

टेबलावर तीन ताटल्या होत्या. तीन लांब काटे, एक जाड बिडाचं भांडं, सहाशे ग्रॅम किसलेलं चीज आणि पावाचे चौसष्ट तुकडे. दाराशी बुटांचे तीन जोड. या घरात दोन वर्षं सगळ्या गोष्टी दोन-दोन होत्या, त्यामुळे तिसरी कुठली हे शोधायला वेळ लागला नाही. तिसऱ्या काट्याला हिरवी खूण होती. तो आनिनाचा.

नंदिनी आणि मी हायडेलबर्गला एकत्र राहतो. ती झाडांच्या मुळांवर पीएचडी करते, मी दुधातल्या प्रथिनांवर. आनिना नंदिनीच्या प्रयोगशाळेतली, स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका गावची. तिथे आगगाडी जाते, पण पर्यटक उतरत नाहीत.

स्वित्झर्लंडचा बेत खरं तर माझा. मी चौदा पानांचं वेळापत्रक केलं होतं. कुठल्या गाडीत डावीकडे बसायचं, पूल कुठल्या मिनिटाला येतो, सहा मिनिटांत गाडी बदलायची तर कितव्या डब्यात असायला हवं. नंदिनी म्हणायची, "मला नको वाचायला लावू. तू उतर म्हटलंस की मी उतरते." मग डिसेंबरात माझं इथे राहण्याचं कार्ड नूतनीकरणाला गेलं. आउसलेंडरबेहोर्डेची, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीची, तेर्मीन, भेटीची वेळ, मिळाली मार्चमधली. नवं कार्ड हातात येईपर्यंत देश सोडायचा नाही, असं मी ठरवलं. त्याच आठवड्यात आनिनानं नंदिनीला सुट्टीत घरी बोलावलं.

"जाऊ का मी?" नंदिनीनं विचारलं होतं.

"जा की," मी म्हटलं होतं.

ती गेली, आठ दिवस राहिली आणि काल परत आली. वेळापत्रक फ्रिजवर चुंबकाखाली होतं तसंच होतं.

"अगं, त्यांच्या स्टेशनवर गाडी आपोआप थांबतच नाही," नंदिनी आता पाव टोपलीत भरत सांगत होती. "फलाटावर बटण आहे. दाबलं तर थांबते. मी दाबलं."

"माहीत आहे. वेळापत्रकात तशा स्टेशनांपुढे खूण असते. पान नऊ, तळटीप."

"मग तळटिपेत हे होतं का, की गाडीचा ड्रायव्हर आनिनाच्या मामाचा मित्र आहे? खिडकीतून डोकं काढून विचारतो, ही पाहुणी कुणाची?"

ते नव्हतं.

"आणि आमच्या डब्यांमागे ओंडक्यांनी भरलेले मालगाडीसारखे दोन डबे जोडलेले. शाळेची मुलं, लाकडं, आम्ही, सगळी वरात एकाच गाडीला. तो पोस्टकार्डावरचा लाल डबा आहे ना, त्यांची ती एसटी आहे गं."

तिनं चॉकलेट आणलं नव्हतं. घड्याळ नाही, गाईच्या गळ्यातली घंटा नाही, बर्फात हात पसरून काढलेला फोटो नाही. त्यातलं काही आणलं असतं तर मला हसता आलं असतं. तिच्याकडे होतं ते वेगळंच. आनिनाच्या आईनं तिला एक पदार्थ शिकवला होता: उकडलेला बटाटा किसायचा, पिठात मोकळा करायचा आणि लोण्यावर पाऊण तास परतायचा.

"बटाट्याचा कीसच म्हण," नंदिनी म्हणाली, "फक्त उपासाला न चालणारा. वर सफरचंदाचा गर, सोबत दुधाळ कॉफी. शेवटची पंधरा मिनिटं उलथनं माझ्या हातात होतं. काकू म्हणाल्या, हात चांगला आहे."

काकू. मी आनिनाच्या आईचं नाव मनात शोधून पाहिलं. मला ते माहीत नव्हतं.

आजच्या जेवणाला फॉन्ड्यू, वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचं, मी सुचवलं होतं. आनिना हसली होती. आम्ही तिघी इंग्रजीत बोलतो, मधे जर्मन. "पर्यटकांचं हवंय तुला?" ती म्हणाली होती. "चालेल. आमच्याकडे ते कुणाला स्वयंपाकाचा कंटाळा आला की होतं."

ती आता शेगडीशी उभी होती. फॉन्ड्यूत चीजबरोबर व्हाइट वाइन घालतात. नंदिनी पदार्थातलीही घेत नाही, म्हणून आनिनानं दुधाची बाटली उघडली. वाइन नुसती चवीसाठी नसते. तिच्यातल्या आम्लामुळे चीजमधली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरून बसत नाहीत. दुधात तेवढं आम्ल नसतं. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात आनिना म्हणाली, "आणि सगळ्यात शेवटी, खारवाड!"

नंदिनी खळखळून हसली. "ख-र-वड. 'ड' जिभेचा शेंडा वळवून."

"गेनाऊ, तेच. भांड्याच्या तळाला जो करपट पापुद्रा लागतो ना, त्याला आम्ही 'आजी' म्हणतो," आनिना मला सांगू लागली. "नंदिनीनं आईला तुमचा शब्द शिकवला. आई आता तोच म्हणते."

तो शब्द या घरातला होता. पहिल्या दिवाळीला आमची बासुंदी लागली, खरवडीवरून भांडण झालं आणि मी माझा छोटा वजनकाटा आणला. तेव्हापासून नियम होता: कापणार नंदिनी, मोजणार मी. भाग दोन.

मी तोंड मिटलं. आनिनानं दूध ओतलं. सात वाजून अकरा मिनिटं झाली होती.

चौथ्या मिनिटाला चीज तारा धरू लागलं. सहाव्याला भांड्यात दोन गोष्टी दिसल्या, मधे रबरासारखा गोळा आणि कडेनं पिवळं तेल. आनिना जोरात ढवळू लागली. तिची मान लाल झाली.

"घरी असं कधी होत नाही," ती म्हणाली.

"चूक माझी," नंदिनी म्हणाली. "माझ्यासाठीच दूध घातलंस तू." आणि तिनं आनिनाच्या पाठीवर हात ठेवला.

मी त्या हाताकडे पाहत होते. फ्रिजच्या खालच्या खणात एक लिंबू आहे हे मला माहीत होतं. आनिनानं आच वाढवली, मग कमी केली, मग नुसतीच उभी राहिली. सात एकोणीस.

नंदिनी माझ्याकडे वळली. माझ्या प्रत्येक सादरीकरणाची तालीम तिनं ऐकली आहे. प्रथिनांच्या चौथ्या स्लाइडला ती झोपते, पण तोवर जागी असते.

"तुला कळलंय ना, काय बिघडलंय ते?" तिनं मराठीत विचारलं. आवाज साधा होता, मीठ कुठे आहे विचारावं तसा.

"हो."

"कधीपासून?"

"दूध ओतायच्या आधीपासून."

वेळापत्रकाच्या चौदा पानांत मी तिला जेवढं काही सांगितलं नव्हतं, तेवढं त्या दोन-तीन सेकंदांत तिला समजलं असावं.

"काय म्हणतेय ती?" आनिनानं विचारलं.

"म्हणते, लिंबू पिळून बघ," नंदिनी इंग्रजीत म्हणाली.

मी उठले. लिंबू कापलं, अर्धं पिळलं आणि चमचा आनिनाच्या हातातून न घेता तिला म्हटलं, "आठाच्या आकारात ढवळ. हळू." दोन मिनिटांत तेल आत गेलं. गोळा सैल झाला, मग मऊ, मग एकसारखा.

"आल्झो, म्हणजे मग," आनिना म्हणाली, "तू आमच्याकडे यायला हवं होतंस. आईला असले प्रश्न फार असतात. तिचं दही नीट लागत नाही."

"मार्चनंतर," मी म्हटलं.

"मग वेळापत्रक आण. स्टेशनवर बटण मात्र तूच दाबायचं, हिचं दाबून झालंय."

आम्ही जेवलो. पावाचे अकरा तुकडे उरले. भांड्याच्या तळाला तपकिरी पापुद्रा धरला होता, ताटलीएवढा, गोल. आनिनानं तो सुरीनं अख्खा सोडवला आणि लाकडी पाटावर ठेवला. मग सुरी नंदिनीकडे दिली. हे तिला कुणी सांगितलं होतं ते मी विचारलं नाही.

नंदिनीनं बराच वेळ पाहून दोन काप दिले. तीन भाग वेगळे केले, एकेका ताटलीत ठेवले आणि खणातून माझा वजनकाटा काढून माझ्यापुढे सरकवला.

"मोज," ती म्हणाली.

आनिना: १६.१ ग्रॅम. मी: १६.४ ग्रॅम. नंदिनी: ३.८ ग्रॅम.