घुबडाचे डोळे

टण्ण.

चांदीचं घुबड स्टीलच्या पातेल्यात पडलं आणि घरातली शांतता मोडली. ठमीच्या आईनं श्वास रोखून पाळण्याकडे पाहिलं. तान्ह्यानं झोपेतच ओठ चोखले, कूस बदलली, आणि पुन्हा गप्प झाला. सुटलो बाई.

"हळू टाकायचं ना," ठमी कुजबुजली. पाच वर्षांची होती, पण दटावायची मात्र मुख्याध्यापिकेसारखी.

पातेल्याच्या तळाशी फॉइलचा कागद होता, वर एकेक चमचा मीठ आणि खायचा सोडा. आईनं उकळतं पाणी ओतलं. फस्सकन फेस आला आणि पाठोपाठ सडक्या अंड्याचा वास. ठमीनं नाक दाबलं, पण डोळे काही पातेल्यावरून हलवले नाहीत.

घुबड वन्संचं होतं, अंगठ्याएवढं. शिकाऊ माणसाच्या हातात बेधडक गाडी देणारी ही बाई दागिना मात्र कुणाच्या हाती देत नसे. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या गाडीत बसून लोकांना ब्रेक दाबायला शिकवल्यावर आज पाच वाजता त्यांचं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल सुरू होणार होतं. सकाळी त्यांनी गळ्यातलं काढून भावजयीपुढे ठेवलं. "जरा उजळून दे गं. आज फोटो आहे. याच्याशिवाय मी कधी कुठल्या परीक्षेलासुद्धा गेले नाही."

लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि वन्संनी पहिल्यांदाच तिच्यावर काहीतरी सोपवलं होतं.

दहा मिनिटांनी तिनं चमच्यानं घुबड बाहेर काढलं. लख्ख. आरशासारखं. तिला नाचावंसं वाटलं.

"आई," ठमी म्हणाली, "याचे डोळे गेले."

खरंच गेले होते. डोळ्यांच्या जागी नुसते दोन वाटोळे खळगे. पिसांच्या रेघाही चांदीत विरघळल्यासारख्या दिसेनाशा झाल्या होत्या. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ते काळं म्हणजे मळ नव्हता. कारागिरानं ते मुद्दाम भरलेलं होतं, आणि तिनं ते हौसेनं धुऊन टाकलं होतं.

घड्याळात साडेतीन.

ती मटकन खुर्चीत बसली. वास अजून नाकात होता. अंड्याचा वास. आणि एकदम तिला तान्ह्याचा चांदीचा चमचा आठवला. गेल्या आठवड्यात त्या चमच्यानं तिनं बाळाला उकडलेल्या अंड्याचा बलक भरवला होता, आणि धुवायला घेईपर्यंत चमचा काळाठिक्कर पडला होता.

"ठमे, फ्रिजमधून दोन अंडी आण. पळू नकोस."

ठमी पळालीच.

अंडी उकडून, कुस्करून, गरमागरम काचेच्या बरणीत गेली. घुबडाला दोऱ्यानं बांधून वर टांगलं, अंड्याला टेकणार नाही असं, आणि झाकण घट्ट लावलं. मग दोघी मायलेकी बरणीला नाक लावून बसल्या.

"पिवळं झालं."

"गप्प. बघ फक्त."

पिवळ्याचं तपकिरी झालं, तपकिरीचं निळसर. ठमीनं आईचा दंड घट्ट धरला होता. अर्ध्या तासात अख्खं घुबड काळंभोर. आईनं ओल्या फडक्याला चिमूटभर सोडा लावला आणि बोटाच्या टोकानं फक्त वरवर पुसायला घेतलं. चोच उजळली, पंख उजळले, रेघांमधलं काळं मात्र तसंच राहिलं. आणि मधोमध दोन डोळे तिच्याकडे टकामका बघू लागले. तिचं काळीज इतकं धडधडत होतं, की आता पाळण्यातला उठतो की काय असं तिला वाटलं.

दारात चप्पल वाजली. "झालं का गं?"

लपवायचं तिनं ठरवलं होतं. पण वन्संनी घुबड खिडकीपाशी नेलं तसं तिला राहवेना. "वन्सं, मी आधी ते पार पांढरं करून बसले होते. डोळ्यांसकट. मग अंड्यानं परत काळं केलं."

"अंड्यानं?"

"दोन. उकडलेल्या."

वन्संनी घुबड उजेडात धरून उलटसुलट फिरवलं. "आणि हा डावा डोळा बारीक कसा?"

"जास्त घासला गेला."

"डोळा मारतंय मेलं," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसू ओसरल्यावर त्यांनी साखळी गळ्यात अडकवली. "पंधरा वर्षं नुसतं डोळे वटारून बसलं होतं. चल, आवर पटकन. फोटोत तू माझ्या शेजारी उभी राहायचंस. मागे कुठे लपलीस तर बघ."

ठमीची आई हवेतच होती. एका हातानं केस विंचरत, दुसऱ्या हातानं तिनं लेकीला मोरीकडे ढकललं. "हात धू आधी. नखं बघ, किती काळं साचलंय."

ठमीनं दहाही बोटं पसरून नीट न्याहाळली. मग आत्याच्या गळ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"आत्याच्या घुबडाचं काळं तू परत भरलंस ना? मग माझंच का काढायचं?"