निरोग्याचे हात

बुधवारचं ऊन ओसरीवर चढायच्या आत दैवशालाच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. कोणी केदारखेड्याहून, कोणी भोकरदनहून, एक कुटुंब तर पार मंठ्याहून जीप करून आलेलं. कोणाचे डोळे हळदीसारखे, कोणाची नखं. आणि सगळ्यांची नजर एका पितळी परातीवर.

दैवशाला कावीळ उतरवायची. रोग्यानं आंब्याची साल घरूनच आणायची, तिन्ही धुण्यांना तीच वापरायची, घरच्याच तांब्यात भिजवायची. म्हणजे लबाडीला जागाच नको. ते सालीचं पाणी दैवशाला आधी रोग्याच्या हातांना चोळायची, 'थंडाव्याला'. मग वरून चुन्याची निवळी. आणि बघता बघता ओंजळीतून पिवळंजर्द पाणी परातीत ठिबकायचं.

"उतर गं भवाने, उतर! हाडातली उतर, रक्तातली उतर! डाक्टरच्या सुईला भ्याली न्हाईस, आता माझ्या चुन्याला भी! नखातून निघ आन् परातीत बस!"

कावीळ मोठी आज्ञाधारक. सांगितल्याबरोबर येऊन परातीत बसायची.

"उतरली! उतरली माय!" अंगण एका आवाजात बोललं. त्यात सगळ्यात मोठा आवाज द्वारकाबाईंचा, कारण आजची ओंजळ त्यांच्या लेकीची होती. बेबीनंदा बाळंतपणाला माहेरी आलेली. सातवा सरत आलेला, आणि डोळ्यांत कावीळ. हे दुसरं धुणं. तिसरं शनिवारी.

तिला धरून उभी होती तिची वहिनी, वंदना, गावच्या शाळेतली विज्ञानाची शिक्षिका. तिचं लक्ष परातीकडे नव्हतं. सासूच्या चेहऱ्याकडे होतं. असं कौतुक त्या चेहऱ्यावर तिनं सोळा वर्षांत आपल्यासाठी पाहिलं नव्हतं.

आणि ही दैवशाला कोण? वंदनाबरोबर एका बाकावर बसलेली, दहावीला गणितात आडवी झालेली. वंदना शिकली, नोकरीला लागली. पण तिच्या वर्गाला आठवीची पोरं दांडी मारायची ती याच अंगणात यायला.

घरी येताना द्वारकाबाई गुणगुणत होत्या:

*पिवळं पिवळं पानी, परातीत गं झरलं,*
*दैवशाला माझे बाई, लेकीचं दुखनं सरलं.*

सासूच्या ओवीत सून अजून एकदाही आली नव्हती. वंदनाला राहवलं नाही.

"आत्याबाई, रंग परातीत उतरला, डोळ्यात तसाच हाये. नंदाताईला सकाळपासून दोनदा उलटी झाली. गरोदरपनातली कावीळ जिवावर येती. आजच्या आज जालन्याला नेऊ."

"शनिवार होऊ दे."

"शनिवारपोत्तर—"

"वंदे," द्वारकाबाई थांबल्या, "तू जळतीस तिच्यावर. समदं गाव जानतं."

वंदना नणंदेला धरून पुढं निघाली. खोटं असतं तर भांडली असती. पण ते खरं होतं, आणि म्हणूनच तिच्या खऱ्या बोलण्याचीही किंमत शून्य झाली होती.

रात्रभर तिच्या डोक्यात एकच घोकणं. हेवा माझा खरा, पण पाणी पिवळं का होतं याचा माझ्या हेव्याशी काय संबंध? पाण्याला थोडंच कळतं कोण कोणावर जळतं!

गुरुवारी तिनं आठवीच्या वर्गात घमेलं ठेवलं, निवळीची बाटली ठेवली आणि फळ्यावर ऐटीत लिहिलं: 'अंदाज: चुन्यामुळे हात धुतलेलं पाणी पिवळं होतं.'

"तरन्नुम, ये. हात पुढं कर."

निवळी ओतली. पाणी घमेल्यात पडलं. नितळ. अगदी विहिरीसारखं नितळ.

"मॅडम, न्हाई झालं!" मागून कोणीतरी खिदळलं. "मंग दैवशालाकाकू खऱ्या!"

वंदनाचे कान तापले. हेव्यानं तिला घाई केली होती. उत्तर आधीच ठरवून ती प्रयोगाला बसली होती. क्षणभर वाटलं, बाटली उचलावी, 'चला, धडा पाचवा' म्हणावं. पण तिनं खडू घेतला आणि खाली लिहिलं: 'अंदाज चुकला.'

मॅडम चुकतात आणि वरून फळ्यावर लिहितात, हे नवीनच.

"मॅडम," तरन्नुम ओले हात पुसत म्हणाली, "तिथं दो पानी रहते. पैले सालीचं, मंग चुन्याचं. आपन एकच घेतलं."

शाळेमागच्या आंब्याची साल आली, ठेचली, भिजवली. वंदनानं बजावलं, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नुसतं सालीचं पानी आधी, दोन्ही नंतर. दिसल तेच लिहायचं. मला काय आवडल ते न्हाई." नुसत्या सालीच्या पाण्यानं धुतलं तर पाणी फिकट तांबूसच राहिलं. आता दोन्ही.

भावनानं हात पाठीमागं नेले. "मी न्हाई, मॅडम. निरोग्यानं असे हात धुतले तर कावीळ त्यालाच चिकटती. आजी म्हनती. समदेच म्हनतात."

वंदना जागच्या जागी थबकली. हा नियम तिनं लहानपणापासून ऐकलेला, आणि कधी त्याच्याकडं मान वळवून पाहिलं नव्हतं. त्या परातीवर आजवर एकही निरोगी हात आलाच नव्हता! रोग्यांचेच हात धुतले, तर रोग्यांचंच पाणी पिवळं दिसणार.

तिनं बाह्या सारल्या, स्वतःच्या हातांना सालीचं पाणी चोळलं. "ओत गं, तरन्नुम."

पिवळंजर्द! बुधवारच्या परातीसारखंच.

मग काय, हातच हात पुढं आले. सत्तावीस पोरं, सत्तावीस ओंजळी, सगळ्या पिवळ्या. भावनानं तर दोनदा धुतले. तीच साल पुन्हा भिजवली तर रंग फिका झाला; तिसऱ्यांदा भिजवली तर जेमतेम लिंबाच्या पाण्याइतका. तिसऱ्या धुण्याला दैवशाला म्हणायची, "बघा, सरली कावीळ!" सरत होता सालीतला कस.

दुपारी अख्खा वर्ग घमेल्यासकट द्वारकाबाईंच्या अंगणात उतरला. बेबीनंदा भिंतीला टेकून ग्लानीत बसलेली. गलका ऐकून समोरून दैवशाला आली.

"काय गं वंदे, माझी परात पळवली का?"

"परात तुझ्याच घरी हाये, हे शाळेचं घमेलं. तू निरोगी हायेस ना? धू हात."

"येडी का खुळी! निरोग्यानं धुवायचे न्हाईत. माझ्या सासूचा नेम हाये. तिच्या सासूचाही हाच होता."

"माझे धू," द्वारकाबाई म्हणाल्या.

सगळे वळले. म्हातारीनं हात पुढं केले होते. कावीळ चिकटण्याची भीती तिच्या डोळ्यांत उघडी दिसत होती. पण लेक भिंतीला टेकलेली होती.

भावनानं साल चोळली, निवळी ओतली. द्वारकाबाईंच्या ओंजळीतून पिवळी धार लागली.

"माय! मला बी कावीळ?"

"मला बी, आजी," तरन्नुम म्हणाली. "पुऱ्या वर्गाला."

"आता नंदाताई," वंदना हळूच म्हणाली, "साल न लावता." तिनं नणंदेचा हात साबणानं स्वच्छ धुतला, मग निवळी ओतली. पाणी नितळ पडलं. खरा कावीळ झालेला हात, आणि पाण्यात रंगाचा टिपूस नाही.

द्वारकाबाईंनी त्या नितळ पाण्यात बोट बुडवून बघितलं. मग एवढंच म्हणाल्या, "जीपवाल्या बद्रीनाथला म्हनावं गाडी काढ."

दैवशालाचा चेहरा पडला. तो पडलेला बघून वंदनाला गोड वाटलं, खूप गोड. आणि त्या गोडीची तिला लगेच शरमही वाटली.

जालन्याला बेबीनंदाला दाखल करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, शनिवारची वाट बघितली असती तर अवघड होतं. बारा दिवसांनी ती घरी आली, पोटातलं लेकरू सुखरूप घेऊन.

त्याआधीच, पुढच्या बुधवारी, दैवशालाचं दार बंद होतं. शाळा सुटल्यावर ती वर्गाच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

"वंदे, इतके लोक माझ्या हातानं बरे झाले, ते खोटं का?"

"बरे झाले ते खरं. बहुतेक काविळी आरामानं, खान्यापिन्यानं महिन्या-दीड महिन्यात आपोआप ओसरतात. नाव तुझ्या परातीचं झालं."

दैवशाला बोटांवर काही मोजत राहिली. एक, दोन, तीन. मग चौथ्या बोटावर थांबली. "आन् जे गेले ते? मी म्हनायची, उशिरा आनलं."

उत्तर वंदनाच्या ओठावर होतं. हेव्यानं ते कधीचं तासून ठेवलं होतं. तिनं ते गिळलं, आणि पहिल्या बाकावर सरकून जागा केली.

दैवशाला बसली. समोर निवळीची बाटली होती आणि सालीचा वाडगा. तिनं स्वतःच्या दोन्ही हातांना साल चोळली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपले निरोगी हात पुढं केले.

वाचणाऱ्यांनो, या गोष्टीवरही विश्वास ठेवू नका. आंब्याची साल भिजवा, चुन्याची निवळी घ्या, आणि घरातल्या धडधाकट माणसाचे हात धुवून बघा. डोळे पिवळे दिसले तर मात्र परात शोधू नका, दवाखाना गाठा. आणि कोणी कधी म्हणालं की अमुक एका बाजूनं तपासायचंच नाही, तर तपास नेमका तिथूनच सुरू करा.