श्यामकांतरावांचं अधिकृत वजन

आमच्या बदलापुरातल्या मांजर्लीत पुराचा इशारा आला की माणसं आधी फ्रीज विटांवर चढवतात. तळमजल्यावरचे श्यामकांतराव आधी मोटारसायकल उड्डाणपुलावर नेऊन लावतात, मग घरी परत येतात आणि "काही मदत हवी का?" असं बायकोला विचारतात. मीनलवहिनी तोवर फ्रीज विटांवर चढवून चहा पीत बसलेल्या असतात.

गाडी जपानी घडणीची, लाल, पुढे वाकून चालवायची. पंधरा वर्षांपूर्वी ती घेतली तेव्हा श्यामकांतराव अंबरनाथच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलचे अधिकारी होते आणि त्यांना पुढे वाकता येत होतं. आता कारखाना सुटला होता, वाकणंही सुटत चाललं होतं. गाडी तेवढी टिकून होती.

गणपती गेले आणि रस्ते कोरडे झाले. त्या आठवड्यात ते कर्जतला जाऊन आले आणि पार्किंगमध्ये उतरले ते काटकोनात. त्याच काटकोनात चार पायऱ्या चढून ते घरी गेले. शेजारी म्हणून मी मागोमाग गेलो. वहिनींनी शेकायची पिशवी दिली आणि निकालही दिला.

"रविवारी वांगणीपर्यंत जायचं नि यायचं. सरळ उतरलात तर गाडी राहील. वाकडे उतरलात तर भूपेशला सांगायचं, गिऱ्हाईक बघ."

"चूक माझ्या पाठीची नाही," श्यामकांतराव पालथ्यानेच म्हणाले. "सस्पेन्शनची आहे."

"रविवारी कळेलच."

भूपेश म्हणजे गावठाणातलाच आगरी मुलगा. पण गॅरेज उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, त्यामुळे बोलताना अर्धा मांजर्लीत आणि अर्धा सिंधी शेजाऱ्यांत असतो. शनिवारी सकाळी तो पाने घेऊन आला, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "साईं, गारी एकदम ओके हाय. मीच मागच्या वर्षाला सगलं टाईट करून दिलंय."

"किती टाईट?"

"फुल. टाईट म्हंजे सेफ."

श्यामकांतरावांनी डोळे मिटले. वर्षभर आपण स्प्रिंगवर नसून बाकावर बसत होतो हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. मग त्यांनी आम्हाला उभ्याउभ्या एक व्याख्यान दिलं. त्याचा सारांश असा, की माणूस बसला की गाडी थोडी दबली पाहिजे. स्प्रिंगला जेवढी दबायची मुभा आहे तिचा साधारण तिसरा हिस्सा. कमी दबली तर पाठ जाते. जास्त दबली तर खड्ड्यात स्प्रिंगची चाल संपते, लोखंड लोखंडावर आपटतं आणि मग पाठ जाते. त्यामुळे सगळा हिशेब बसणाऱ्याच्या वजनावर.

"मंग वजन किती तुमचं, साहेब?" भूपेशने विचारलं.

"बहात्तर."

भूपेशने माझ्याकडे पाहिलं. मी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं.

बहात्तर हे श्यामकांतरावांचं अधिकृत वजन. निवृत्तीच्या वेळी कारखान्याच्या डॉक्टरने तपासणीत घेतलं होतं, ते. त्यानंतर गेली काही वर्षं ते घरीच जेवतात, आणि मीनलवहिनी उत्तम स्वयंपाक करतात. पण आयुष्यभर ज्याने लेबलाशिवाय एक पिंप फाटकाबाहेर जाऊ दिलं नाही, तो माणूस डॉक्टरने दिलेला आकडा असा मनाने बदलणार नाही.

"बहात्तर," भूपेश म्हणाला. "एका टायमाला की दोन टायमाला मिलून?"

"पाना दे."

आता अडचण अशी, की हे माप एकट्याने घेता येत नाही. एकाने गाडीवर बसायचं, एकाने समोरून हँडल धरून ती सरळ ठेवायची, एकाने टेप लावायची. हँडल मी धरलं. बसायचं श्यामकांतरावांनी, टेप भूपेशने. पण भूपेशने टेप हातात घेतली आणि "अंदाजे..." असा पहिला शब्द उच्चारला. तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेल्या माणसाला तो एक शब्द पुरतो. श्यामकांतराव गाडीवरून उतरले, टेप काढून घेतली आणि आपल्या बाल्कनीकडे तोंड करून म्हणाले, "अगं मीनल, तुझं वजन किती?"

चार बाल्कन्यांतून चार बायका बाहेर आल्या.

"सत्तर," वहिनींनी बाल्कनीतूनच सांगितलं. त्यांना त्यात काही लपवण्यासारखं वाटत नाही. "का?"

"इकडे ये. माझ्या जागी बस. दोन किलोचा फरक मी जॅकेटमध्ये धरतो."

वहिनी नेहमीच्या पंजाबी ड्रेसवर त्यांचं जाड जॅकेट चढवून, हेल्मेट घालून आल्या, टांग टाकून बसल्या, आणि त्यांचा डावा पाय न बघता गिअरवर गेला.

"वहिनी, चालवली हाय का कधी?" भूपेशने विचारलं.

"लग्नाआधी. अंबरनाथला भावाची होती. गल्लीत तीच एक होती, आणि ती भाऊ चालवायचा असं लोकांना वाटायचं."

"हलू नकोस," जमिनीवरून आवाज आला. "बोलूही नकोस. रीडिंग हलतं."

मग जे सुरू झालं ते पाहायला वॉचमन खुर्ची घेऊन आला. पुढच्या नळीवर श्यामकांतरावांनी एक प्लास्टिकची पट्टी आवळली होती. गाडी दबली की पट्टी सरकायची आणि किती दबली ते दाखवायची. मागे चाकाच्या आसापासून शेपटीवरच्या खडूच्या खुणेपर्यंत टेप. भूपेश हुकाच्या पान्याने मागच्या स्प्रिंगची रिंग एक खाच आणि पुढचे बोल्ट अर्धा फेरा सैल करायचा, वहिनी उठून पुन्हा बसायच्या, श्यामकांतराव पालथे पडून वाचायचे. आकडा उतरत होता. त्यांचा आवाज चढत होता. एखाद्या लिलावात उभे असल्यासारखे आम्ही सगळे श्वास रोखून होतो. वॉचमनही प्रत्येक आकड्याला मान हलवत होता.

"अजून एक खाच. बस. उठ. बस. मीनल, श्वास सोड." टेप सरकली. "आला. तिसरा हिस्सा. बरोब्बर तिसरा हिस्सा."

पुढची पट्टीही त्याच जागी येऊन थांबली. श्यामकांतराव उठून बसले. नाकाला ग्रीस लागलं होतं आणि चेहऱ्यावर मॅट्रिकचा निकाल होता.

"असं रीडिंग मी कारखान्यातसुद्धा पाहिलं नाही," ते म्हणाले.

वहिनी गाडीवरून लगेच उतरल्या नाहीत. त्यांनी एकदा आपली आपणच गाडी दाबून पाहिली. ती खाली गेली आणि शहाण्यासारखी वर आली.

रविवारी सकाळी निघालो. पुढे श्यामकांतराव गाडीवर, मागे माझी स्कूटर, आणि माझ्या मागे परीक्षक म्हणून हेल्मेट घालून मीनलवहिनी. श्यामकांतराव बसले तशी गाडीची मागची बाजू दबत गेली आणि दबतच राहिली. दिवा आकाशाकडे झाला.

"मागून बरी दिसते नाही?" वहिनी माझ्या कानात म्हणाल्या. "बदक पाण्यात उतरल्यासारखी."

बदलापूर ते वांगणी रस्त्यात फार्महाऊसवाल्यांनी आपापल्या फाटकासमोर आपापले गतिरोधक घातले आहेत. प्रत्येकाची उंची मालकाच्या ऐपतीप्रमाणे. पहिल्यावर खट्‌ आवाज आला. दुसऱ्यावर खाड्‌. तिसरा एका बिल्डरचा होता, तिथे लोखंड आणि श्यामकांतराव असे दोन्ही आवाज स्वतंत्र ऐकू आले. तरी ते थांबले नाहीत. गाडी जाणार की राहणार याचा निकाल होता, माणूस सहज सोडत नाही. वांगणी स्टेशनबाहेरच्या चहावाल्यापाशी त्यांनी ब्रेक मारला आणि ते उतरले.

उतरले म्हणजे गाडी खालून निघाली, ते त्याच आकारात राहिले. चहावाल्याने न विचारता बाकडं पुढे सरकवलं.

"गाडी बरोबर आहे," ते बाकड्यावर आडवे होत म्हणाले. "रीडिंग बरोबर होतं."

"रीडिंग बरोबरच होतं," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "माझं होतं."

चहावाल्याकडे भंगारवाल्याचा वजनकाटा ठेवायला होता. श्यामकांतरावांनी तो पाहिला आणि मान फिरवली.

आता गाडी न्यायची कोणी हा प्रश्न मी विचारणार होतो. पण वहिनींनी ओढणी कमरेला बांधली, किल्ली नवऱ्याच्या खिशातून काढली आणि क्लच दाबून पाहिला. "सावकाश हं," श्यामकांतराव म्हणाले. ते वाक्य धुरात राहिलं.

मी त्यांना स्कूटरवर घेऊन निघालो. बिल्डरच्या गतिरोधकापर्यंत वहिनी दिसत होत्या. त्या आल्या तशा त्याच्यावरून गेल्या. गाडी खाली बसली, वर आली आणि पुन्हा काही झालंच नाही अशी रस्त्याला लागली. खट्‌ नाही, खाड्‌ नाही. दोन तरुण मुलं महागड्या मोटारसायकलींवर चालली होती, ती मागे पडली.

"बघितलंत?" श्यामकांतराव माझा खांदा आवळून म्हणाले. "उसळली नाही. अहो, जरासुद्धा उसळली नाही. जरा जवळ घ्या ना, मागचं चाक दिसत नाहीय." पाठ धरलेला माणूस स्कूटरच्या पायदानावर अर्धा उभा राहिला होता. "जोरात चला हो. तुमची ही काय चाल आहे?"

मी आयुष्यात पहिल्यांदा स्कूटर सत्तरने हाणली. वहिनी तरीही दिसेनाशा झाल्या.

पार्किंगमध्ये पोचलो तर त्या हेल्मेट काढून उभ्या होत्या. केस विस्कटलेले, गाल लाल. शेजारी भूपेश, आणि त्याच्याबरोबर कॅम्प चारहून आलेलं गिऱ्हाईक गाडीभोवती फिरत होतं. श्यामकांतराव माझ्या आधाराने उतरले. वाकडे. सगळ्यांनी पाहिलं.

"मंग काय, साहेब," भूपेश हळूच म्हणाला. "भाईला सांगू का गारी फायनल?"

श्यामकांतरावांनी वहिनींकडे पाहिलं. अपील करायला कोर्ट दुसरं नव्हतं.

"गाडी विकायची नाही," वहिनी म्हणाल्या. "चालवणारं माणूस बदललंय." किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली. नंतर नवऱ्याकडे वळून जरा संकोचाने म्हणाल्या, "एक सांगू? खड्ड्यातून वर येताना मागचं चाक थोडी घाई करतं. फार नाही. इतकंच."

बोटांत त्यांनी दाखवलं ते अंतर माझ्या डोळ्यांना दिसलं नाही.

श्यामकांतरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पंधरा वर्षं ते या गाडीबद्दल घरात बोलत होते, आणि पहिल्यांदाच घरातून कोणी उत्तर दिलं होतं.

"वर येताना?" ते म्हणाले. "नक्की वर येताना? खाली जाताना नाही?"

"वर येताना."

"रिबाउंड. स्प्रिंगची परतीची चाल. एक क्लिक. एकच क्लिक घट्ट. भूपेश, स्क्रूड्रायव्हर. त्या भाईंना सरकव तिकडे." आणि ते जसे होते तसे, काटकोनासकट, फरशीवर गाडीशेजारी आडवे झाले. त्यांना तिथून उठवायला पुढे आम्ही तिघं लागलो, गिऱ्हाईक धरून. पण तेव्हा ते मागच्या स्प्रिंगच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर लावून कान देऊन पडले होते.

"टक्‌ झालं," ते खालून म्हणाले. "मीनल, बस आता."