समाधान होईपर्यंत

“ताई, आजही आलाय तो.” फोनवरचा आवाज इतका दबका होता, की ऐकू यावं म्हणून तपासणीबाईंनी डोक्यावरचा पंखा बंद केला. “बाळाच्या खोलीत आहे. गिलावा करतोय.”

“अहो, पण दार उघडलंत कशाला त्याला?”

“मी नाही उघडलं, ताई.”

परवाना कार्यालयातल्या तक्रारींच्या टेबलावर बसूनच तपासणीबाईंचे केस पिकले होते. घरं बांधणाऱ्या कंत्राटदारांना परवाना द्यायचा आणि काम वाईट केलं तर तो काढून घ्यायचा, एवढंच त्या कार्यालयाच्या हातात. उखडलेली फरशी बसवून देणं, भरपाई मिळवून देणं, पळालेल्या माणसाला मानगूट धरून परत आणणं, यातलं काहीही त्यांच्या अखत्यारीत नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला त्या हे शांतपणे सांगत. लोक ऐकून घेत आणि शेवटी विचारत, “मग तुम्ही इथे बसता तरी कशाला?” त्यावर शिपाई दारातूनच म्हणे, “पंखा बरा आहे ना इथला, म्हणून.”

एकदाच त्यांचा तोल सुटला होता. ही फोनवरची मुलगी सुनावणीला आली, तेव्हा बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं होतं. बाळासाठी वाढवलेल्या खोलीची एक भिंत अर्धवट सोडून कंत्राटदार निघून गेला होता. मुलगी बोलता बोलता रडायला लागली, आवाज होऊ नये म्हणून ओठ दाबून, बाळाच्या पाठीवर थोपटत. कंत्राटदार समोर बसला होता. हडकुळा, भुवयांत चुना अडकलेला. तपासणीबाई त्याच्यावर कडाडल्या, “या बाईंचं समाधान होईपर्यंत त्या घरातून हात काढायचा नाही, समजलं?”

असं सांगायचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता. त्याने मात्र मान डोलावली होती, एखादी गोष्ट नीट बांधून घ्यावी तशी. पुढे इतरही तक्रारी निघाल्या, साहेबांनी त्याचा परवाना रद्द केला. आणि दुसऱ्याच दिवशी तो त्या घरी कामाला हजर झाला.

तपासणीबाई फोन ठेवून साहेबांच्या खोलीत गेल्या.

“साहेब, तो अजून जातोय तिथे.”

“कोण? परवाना काढून घेतला तो?” साहेबांनी मानही वर केली नाही. “मग आता तो आपला कोण लागतो?”

“थांबवायला हवं ना त्याला.”

“बाई, परवाना होता तोवर दोरी आपल्या हातात होती. ती आपणच कापली. पोलिसांकडे जाऊ द्या त्यांना.”

“पोलीस येऊन गेले. हा म्हणाला, राहिलेलं काम पुरं करतोय, फुकट करतोय. पोलीस म्हणाले, नशीब काढलंत.”

साहेब खो खो हसले. “माझ्याकडेही पाठवा मग. बाथरूम गळतंय.”

तपासणीबाईंनी पिशवी उचलली आणि रिक्षा केली.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मुलगी बाळाला कडेवर घेऊन उभी होती. डोळ्यांखाली काळं, एका पायात चप्पल, एक पाय तसाच. पाळणा बैठकीत आणून ठेवला होता. आतून थापीचा आवाज येत होता. खर्र... खर्र... मध्येच थांबून पुन्हा. आवाज थांबला की बाळही श्वास रोखून तिकडे बघे.

“या, दाखवते,” ती कुजबुजली. “खोलीला फरशी घातली ना, तेव्हा कडेनं निळी पट्टी होती. बाळ तिच्यावरून रांगायचं. बघा आता.”

खोलीत तीन बाजूंना निळी पट्टी होती. चौथ्या बाजूला भिंत सरळ पांढऱ्या फरशीवर उभी होती. खिडकीची चौकट तिच्यात अर्धी बुडाली होती. विजेचं बटण तर खळग्यातून डोळा मिचकावावा तसं दिसत होतं. थरावर थर चढवत तो भिंतीला रोज आत आणत होता.

कंत्राटदाराने वळून पाहिलं. “या बाई. बघून घ्या काम.”

सवय जाईना. तपासणीबाईंनी पिशवीतून ओळंबा काढून सोडला. दोरी भिंतीला समांतर, कणभर इकडे नाही की तिकडे नाही. बोटाने वाजवून पाहिलं, कुठे पोकळ नाही. तळवा टेकवला तर भिंत गार आणि दमट लागली, झोपलेल्या माणसाच्या कपाळासारखी. त्यांनी हात पटकन काढून घेतला. इतकी निर्दोष भिंत त्यांनी सगळ्या नोकरीत पाहिली नव्हती. हिच्याविरुद्ध तक्रार तरी काय नोंदवणार?

“अहो, झालं म्हणून सांगा ना त्याला,” तपासणीबाई मुलीला बाहेर नेऊन म्हणाल्या.

“किती वेळा सांगितलं! हसून सांगितलं, हात जोडून सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, नाही झालं. आणि लागतो परत कामाला.”

“आणि झालंय का? खरं सांगा.”

मुलीने बाळाची टाळू हुंगली. “ताई, हे झोपलं की श्वास चालू आहे ना म्हणून मी नाकाशी बोट धरते. जागं असलं की झोपत का नाही म्हणून जीव खालीवर. नवरा म्हणतो, तुला मेलं कशातच सुख नाही. माझं समाधान कुठल्या भिंतीनं होणार हो?”

आत थापी थांबली होती. तो ऐकत होता.

तपासणीबाई परत खोलीत गेल्या. “मी माझा शब्द मागे घेते. तुम्ही निघा.”

“कुठल्या अधिकारात?”

“म्हणजे?”

“दिला होता तो कुठल्या अधिकारात?”

खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. “कुठल्याच नाही. तिचं रडणं बघवलं नाही म्हणून बोलले.”

“मग तसला शब्द मागे कसा घेता येईल, बाई?” तो तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. “परवाना गेला. माणसं सोडून गेली. बोलावत कुणी नाही. पुरं कर, असं मला सांगितलेलं हे एकच काम उरलंय.”

बाहेर बाळ किरकिरायला लागलं. खिडकीच्या उरलेल्या काचेतून आता जेमतेम हातभर उजेड आत येत होता. तपासणीबाई त्या उजेडाकडे बघत राहिल्या.

“बोलले मी होते ना?” त्या म्हणाल्या. “मग समाधानही माझंच धरा. हिला सोडा.”

तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

“मी एकटी. दोन खोल्या आहेत.”

“बरं.” त्याने थापी धुतली, घमेलं उचललं आणि मुलीकडे वळूनही न बघता निघून गेला.

मुलीने बाळाला खाली ठेवलं. ते रांगत खोलीत शिरलं, निळ्या पट्टीवरून तीन बाजू फिरलं आणि नव्या भिंतीशी पोचून तिच्यावर दोन्ही हातांनी फटफट थापट्या मारू लागलं. आवाज साध्या भिंतीसारखाच आला.

“ताई, काय केलंत तुम्ही?”

“काही नाही. आमच्या हातात कुठे काय असतं!” त्या म्हणाल्या. “भिंत पाडायला आता दुसरा कुणी बघा. आणि या वेळी परवाना विचारून घ्या.”

संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर त्या घरी आल्या. जिन्यात शेजारीण भेटली. “पाहुणे आलेत वाटतं तुमच्याकडे? आतून आवाज येत नाही, पण दिवा लागलाय.”

कुलूप जसंच्या तसं होतं. ते उघडून त्या आत गेल्या. तो खोलीच्या मधोमध उभा होता, घमेल्यात माल कालवून तयार. त्याने अजून कशालाही हात लावला नव्हता.

“कुठून सुरू करू?”

तपासणीबाईंनी चारी भिंतींकडे पाहिलं. मग स्टूल ओढून त्यावर चढल्या, नवऱ्याची तसबीर उतरवली, रुमालाने काच पुसली आणि ती पलंगावर उताणी ठेवली.

“इथून करा.”

खिळा राहिला होता. त्या पुन्हा वर चढल्या. खिळा जुना होता, निघता निघेना. तो मदतीला पुढे आला नाही. त्यांच्या हाताने खिळा निघेपर्यंत भरलेली थापी धरून, मान खाली घालून थांबला.