लाल रेघेच्या अलीकडे

इटलीत पादोव्याजवळच्या आमच्या सपाट मुलखात गोऱ्हे फ्रान्सहून येतात, मका इथलाच असतो आणि भावावरचा विश्वास वडिलोपार्जित.

थोरला ओत्तोरिनो आणि मी, आमचे गोठे वेगळे, पण मुरघासाचा, म्हणजे दाबून आंबवलेल्या चाऱ्याचा, लांबलचक बंकर एकच. वडिलांनी त्याच्या सिमेंटच्या भिंतीवर बरोबर मधोमध लाल रेघ मारून ठेवलेली. पूर्वेकडून दादाने कापत यायचं, पश्चिमेकडून मी, आणि मार्चअखेर रेघेपाशी भेटायचं. सप्टेंबरात मक्याची कुट्टी मी ट्रॉल्या भरभरून आणायचो, दादा तिच्यावर ट्रॅक्टर फिरवून दाबायचा. मुरघासात सगळं दाबण्यावर असतं. आत हवा राहिली की बुरशी आलीच.

त्या उन्हाळ्यात खाटीकखान्याच्या खरेदीदाराने दोघांनाही कळवलं, की इस्टरनंतर तो आमच्यापैकी एकाचीच जनावरं उचलणार. ज्याचे गोऱ्हे जास्त भरलेले, त्याची.

नोव्हेंबरात बंकर उघडला. दादाच्या बाजूला छान आंबूस वास, माझ्या बाजूला वाफा आणि निळी बुरशी. माझे साठ गोऱ्हे गव्हाणीत नाक घालत आणि मग माझ्याकडे बघत. घरातलं जेवण बिघडलं की माणसं बघतात, तसंच.

दादा रोज समाचाराला यायचा. एकदा घरच्या सलामी सॉसेजची जुडीही घेऊन आला.

"नेलो, तुझा हात गरम आहे," तो म्हणाला. "मुरघासाला थंड हात लागतो. आईचा होता तसा."

"दादा, मी यंत्राने कापतो."

"यंत्र कोण चालवतं?"

मी ढिगावरच्या ताडपत्रीवर वजनाला ठेवलेले टायर वाढवले, कापायची वेळ बदलली, निम्मा मुरघास उकिरड्यावर टाकला. खरं सांगायचं तर हातमोजेही घेतले. गोऱ्ह्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. मार्चमध्ये खरेदीदार आला, माझ्या गोठ्यात शिष्टाचारापुरता थांबला आणि दादाच्या स्वयंपाकघरात सही करून गेला. मी दादाचं अभिनंदन केलं. मनापासून.

पुढच्याच आठवड्यात मी रेघेपाशी पोचलो. रेघ ओलांडली आणि यंत्राचे दात आत जाईनात. पुढचा मुरघास विटेसारखा घट्ट, पिवळाधमक, वास अगदी आईच्या लोणच्याच्या बरणीतला. मी मागे वळून भिंत पाहिली. सप्टेंबरातला पाऊस, हवा, बुरशी आणि माझा गरम हात, सगळ्यांनी वडिलांची ती रेघ काटेकोर पाळली होती. इतकं त्यांचं आम्हीही कधी ऐकलं नव्हतं.

उरलेल्या ढिगाच्या पलीकडून दादा आला.

"माझी बाजू तू दाबलीच नाहीस," मी म्हणालो.

त्याने ढिगाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "एकदा वरून फिरवला होता ट्रॅक्टर," तो म्हणाला. "अगदीच नाही असं नाही."

"उन्हाळ्यातच ठरवलं होतंस?"

"तुला मुलं नाहीत, नेलो." मग जरा थांबून, "हे उरलेलं घेऊन जा. माझ्या गोऱ्ह्यांना आता पुरेसं आहे."

नको म्हणायला हवं होतं. पण पलीकडे साठ जनावरं उभी होती आणि त्यांनी काही कुणाला फसवलं नव्हतं. मी ट्रॉली भरली.

गव्हाणीत मुरघास पडला आणि साठच्या साठ माना एकदम खाली गेल्या. चावण्याचा आवाज अंगणभर. चार महिन्यांत तो मी ऐकला नव्हता.

कुंपणापाशी उभा राहून दादाही ऐकत होता.

"बघ," तो म्हणाला, "हाताचाच फरक असतो."