अडीच ओळींची सुटका

आमच्या संस्थेत माणूस मरायच्या आधी त्याच्या मरणाचं निवेदन तयार असतं. ऐकायला वाईट वाटतं, पण कामाची रीतच तशी आहे. तुरुंगात कुणी उपोषणाला बसलं, की दहाव्या दिवशी मी दोन फाइली उघडतो. एकीचं नाव ‘मृत्यू झाल्यास’, दुसरीचं ‘सुटका झाल्यास’. बातमी फुटली की वाहिन्यांना पाच मिनिटांत आमचा माणूस बोलताना हवा असतो, आणि पाच मिनिटांत चांगलं वाक्य पाडायला मी काही देव नाही.

मी पूर्वी वर्तमानपत्रात होतो. तिथं लोकांच्या बातम्या निम्म्या करायचो. इथं, मानवी हक्कांच्या या संस्थेत, आल्यावर आठवड्यात माझं नाव ‘कात्री’ पडलं आणि आता सगळीकडे तेच चालतं. बोलायचं काम माझं नाही, त्याला तज्ज्ञ आहेत. संस्थेच्या वेबसाइटवर त्यांची रांगच लावलेली आहे. फोटोखाली विषय, विषयाखाली फोन नंबर. छळ, निर्वासित, फाशी, बायकांवरचे अत्याचार. पत्रकाराने आपल्याला हवं ते दुःख निवडायचं आणि नंबर फिरवायचा. ‘तुरुंग आणि कैद्यांचं आरोग्य’ हा विषय डॉक्टरीणबाईंचा. बाई खरोखरच्या डॉक्टर आहेत, अभ्यास दांडगा, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. वाक्यं मात्र माझी असतात.

त्या दिवशी मास्तरांच्या उपोषणाचा सत्ताविसावा दिवस होता. मास्तर एका साध्या शाळेत शिकवायचे आणि रोज सकाळी हजेरी घ्यायचे. मग त्यांच्या शाळेतली मुलं घरातून उचलली जायला लागली. गणवेशातली माणसं यायची, चौकशी आहे म्हणून मुलाला घेऊन जायची, आणि मूल परत यायचं नाही. आईबाप भीतीने तोंड उघडत नव्हते. मास्तरांनीही भाषण वगैरे काही केलं नाही. हजेरीपटात इतर मुलांपुढे ते हजर किंवा गैरहजर लिहायचे, तसं या मुलांपुढे ‘नेले’ असं लिहायला लागले. दोन वर्षांत अशी एकोणीस नावं झाली. हजेरीपट म्हणजे सरकारी कागद, खाली मुख्याध्यापकांची सही, तो खोटा म्हणायची सोय नव्हती. म्हणून तो जप्त झाला आणि मास्तर आत गेले. हजेरीपट परत देईपर्यंत जेवणार नाही, असं त्यांनी आतून कळवलं.

सरकारनेही त्यांच्यासाठी दार किलकिलं ठेवलं होतं. उपोषण सोडा, एका कागदावर सही करा, घरी जा. कागदात एकच अट होती, की बाहेर आल्यावर त्या मुलांबद्दल बोलायचं नाही आणि लिहायचं नाही. नावांची यादी मास्तरांनी वकिलामार्फत आमच्याकडे पाठवलेली होती. आम्ही ती छापली नव्हती. राखून ठेवली होती, योग्य वेळेसाठी. बातमीला उठाव यायला काहीतरी हातचं लागतं.

तालमीची खोली म्हणजे पूर्वीची सामान ठेवायची खोली. एक खुर्ची, एक प्रखर दिवा, तिवईवर कॅमेरा, आणि माझ्या हातात सेकंद मोजायचं घड्याळ. डॉक्टरीणबाई खुर्चीत बसून मास्तरांच्या मरणाची तालीम करत होत्या.

“आज सकाळी मास्तर गेले. उपोषणाच्या अमुकाव्या दिवशी त्यांची झुंज...” त्या थांबल्या. “कात्री, झुंज नको हो. झ माझ्या दातात अडकतो. लढा करा.”

“लढा सगळेच म्हणतात.”

“म्हणू देत. आणि ‘गेले’ म्हणताना खाली बघू की कॅमेऱ्यात?”

“खाली. एक सेकंद. मग वर.”

त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी इतकं सुरेख जमलं की माझ्याच अंगावर काटा आला. तेवढ्यात मागचं दार उघडलं. ते दार नीट लागत नाही, बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू जातं, हे आम्हाला चांगलं माहीत होतं. दारात मास्तरांची थोरली बहीण उभी होती. ताई शिवणकाम करायच्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोटाला सुयांचे टोचे. आई गेल्यापासून धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं होतं.

“कधी गेला?” त्यांनी विचारलं.

“नाही, नाही, ताई. ते आहेत. जिवंत आहेत. ही तालीम आहे.”

“कसली?”

चाळीस सेकंदांत कशाचंही उत्तर देणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी ताईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दोन फाइलींची रीत समजावून सांगितली. त्यांनी सगळं पाणी संपवलं. मग हात पुढे केला आणि म्हणाल्या, “बघू.”

मी ‘मृत्यू झाल्यास’चा कागद दिला. खरं सांगतो, तो मला चांगला साधला होता. दीड पान, मास्तरांची शाळा, तो हजेरीपट, आणि मधोमध मुलांची नावं, एकाखाली एक. ताईंनी चष्मा लावला आणि शिवण तपासावी तसं ओळींखालून बोट नेत वाचलं.

“मुलांची नावं घातलीत.”

“हो.”

“आणि हे सगळं वाचणार? टीव्हीवर?”

“शब्द न् शब्द,” मी म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला कुणी शपथ घातली नव्हती.

“आणि सुटला तर?”

दुसरा कागद द्यायला मी जरा वेळ लावला. त्यात अडीच ओळी होत्या. मास्तरांच्या सुटकेचं संस्था स्वागत करते, सर्वांचे आभार मानते, आणि त्यांना उत्तम आरोग्य लाभो.

“एवढंच?”

“सुटल्यावर ते स्वतःच बोलतील ना, ताई.” त्या अटीचा कागद माझ्या टेबलावर पडलेला होता, तरी मी हे म्हणालो.

ताई खरं तर डॉक्टरीणबाईंना एक प्रश्न विचारायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांची तुरुंगात भेट होती, पंधरा दिवसांतून एकदा, दहा मिनिटं. “त्याला खा म्हणू का?” त्यांनी विचारलं.

बाईंनी समजावलं. पस्तीस-चाळीस दिवसांनंतर शरीराचं नुकसान भरून येत नाही. प्रत्येक शरीर वेगळं. निर्णय कैद्याचा असतो, त्यावर दबाव आणणं योग्य नाही.

“म्हणजे खा म्हणू, का नको?”

“संस्था त्यावर मत देत नाही, ताई.” बाई हे अगदी हळू म्हणाल्या. हे वाक्यही माझंच होतं.

ताईंनी दोन्ही कागदांची घडी घातली. “हे नेते मी. दाखवते त्याला. लहानपणी रुसून जेवायला यायचा नाही, तेव्हा मी ओरडून सांगायची, तुझ्या वाटचं मांजराला घातलं. की आलाच धावत. आता बघू दे, जिवंतपणी लोकांनी काय लिहून ठेवलंय ते. चिडला की जेवेल.”

मला हे पटलं. बाईंनाही पटलं. त्या दिवशी आम्ही तिघंही बऱ्या मनाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई परत आल्या आणि माझ्या टेबलासमोर बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते असं. फाटकावरच्या शिपायाने दोन्ही कागद वाचले. मरणाचा कागद वाचून तो हसला, साहेबांना खुश करायला नेतेस का म्हणाला, आणि त्यावर शिक्का मारला. तो शिक्का मी पाहिला. मास्तरांच्या मरणाच्या मथळ्यावर निळ्या शाईत ‘हरकत नाही’ असं उमटलं होतं. अडीच ओळींवरही तोच शिक्का होता.

आत काच आणि दोन बाजूंना दोन फोन. मास्तरांना धरून आणून बसवलं. ताईंनी पहिला कागद काचेला लावून धरला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“चिडला?” मी विचारलं.

“नाही. पेन आहे का विचारलं.”

दोन मुलं सातवीतली नव्हती, सहावीतली होती, हे त्यांनी दुरुस्त करायला लावलं. एका मुलीचं वय चुकलं होतं. आणि मी अठराच नावं घातली होती. एक गळलं होतं, ते त्यांनी सांगितलं. भावाच्या मरणाच्या कागदावर ताईंनी स्वतःच्या हाताने हे सगळं लिहून घेतलं. अक्षर काचेला टेकवून काढल्यासारखं वाकडं आलं होतं.

“मग मी दुसरा लावला,” ताई म्हणाल्या. “त्याने वाचला. म्हणाला, यात मुलं कुठायत? मी म्हटलं, तू बाहेर येऊन सांगशील की. तर म्हणाला, सही केल्यावर कसं सांगू? मग कोण सांगणार? मी कागद तसाच धरून ठेवला, भाऊ. मग म्हणाला, पहिल्यात आहेत ना, मग ठीक आहे. पहिला नक्की वाचणार का, एवढं सांग.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“तुम्ही म्हणाला होतात तेच. शब्द न् शब्द.”

मास्तरांनी मान हलवली आणि वेळ संपली.

तेव्हा मला कळलं. तो माणूस मरायला निघाला नव्हता. ती नावं कुणीतरी घेईल की नाही, एवढंच त्याला बघायचं होतं. नावं दुसऱ्या कागदात असती तर त्याने सही केली असती आणि घरी येऊन भाकरी मोडली असती. सहीची अट मास्तरांवर होती, आमच्यावर नव्हती. आमचं तोंड कुणी बांधलं नव्हतं. आणि ती एकोणीस नावं या कागदातून उचलून त्या कागदात ठेवायचा मी कंटाळा केला होता. सुटकेच्या निवेदनाला कुणी विचारत नाही, म्हणून केला होता.

मी लगेच बसलो आणि नावं घातली. घड्याळ लावलं असतं तर चार मिनिटं भरली असती. ताई बघत होत्या. “एवढंच होतं होय?” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते फार लागलं.

नवा कागद वकिलाबरोबर पाठवला. फाटकावर त्याच शिपायाने तो वाचला आणि या वेळी हसला नाही. मेलेल्या माणसाच्या कागदात नावं आली, तर त्याला हरकत नव्हती. सुटलेल्या माणसाबरोबर नावं बाहेर पडतायत म्हटल्यावर त्याने कागद साहेबांकडे पाठवला, साहेबांनी वर पाठवला. त्याचा निकाल लागेपर्यंत वकिलांची भेटही बंद झाली, ते रोज फाटकावर जाऊन विचारत होते. रोज उत्तर यायचं, कागद विचाराधीन आहे. चौतिसाव्या दिवशी मास्तरांची शुद्ध गेली. छत्तिसाव्या दिवशी सकाळी ते गेले. कागद तेव्हाही वरच होता.

दहाच्या सुमाराला बातमी फुटली आणि सगळे फोन एकदम वाजायला लागले. सगळ्यात मोठ्या वाहिनीने डॉक्टरीणबाईंना दुपारी एकची वेळ दिली. चाळीस सेकंद. एक जास्त नाही, तिथली मुलगी फोनवर म्हणाली, पुढे खेळाच्या बातम्या आहेत.

मी एकोणीस नावं घड्याळ लावून वाचली. एकतीस सेकंद. भरभर वाचली तर सव्वीस, पण मग ती नावं वाटत नव्हती.

“नुसती नावंच वाचू का?” बाईंनी विचारलं. त्यांचे डोळे लाल होते आणि हे त्या मनापासून विचारत होत्या, हे मला सांगितलं पाहिजे.

मी हो म्हणू शकत होतो. पण वीस वर्षांची सवय. नुसती नावं म्हणजे मास्तर कोण, तुरुंग कुठला, दोष कुणाचा, काहीच नाही. बघणारा दुसरी वाहिनी लावणार. नावांनी वाक्य तुटतं. “नावं उद्या वेबसाइटवर टाकू,” मी म्हणालो. “आज मास्तर.” आणि एकोणीसच्या एकोणीस नावं काढून त्या जागी ‘अनेक मुलं’ असं लिहिलं.

ताई आमच्याच कार्यालयात होत्या. मृतदेह संध्याकाळी ताब्यात देणार होते, तोवर कुठं जायचं म्हणून आल्या होत्या. एक वाजता सगळे टीव्हीसमोर जमलो. त्यांनी पिशवीतून तो शिक्क्याचा कागद काढला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

“आज सकाळी मास्तर गेले,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खाली एक सेकंद, मग वर. उत्तम. ताईंचं बोट त्यांच्या आवाजाबरोबर चालत होतं. शाळा आली, हजेरीपट आला. बोट पहिल्या नावाखाली पोचलं आणि बाई “अनेक मुलं” म्हणून पुढे गेल्या. ताईंना वाटलं, मागाहून घेतील. बोट तिथंच ठेवून त्या वाट बघत बसल्या. पडद्यावर खेळाच्या बातम्या सुरू झाल्या तरी बोट तिथंच होतं.

मागे कुणीतरी म्हणालं, बाईंचं हे आजवरचं सगळ्यात चांगलं झालं. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

“भाऊ,” ताई म्हणाल्या, “शब्द न् शब्द म्हणाला होतात. मी त्याला तसंच सांगितलं.”

मी सांगायला लागलो की वेळ चाळीसच सेकंद होता, नावं उद्या सकाळी नक्की येतील. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पण ऐकत नव्हत्या. इतक्यात आतून हाक आली, कात्री, दुसऱ्या वाहिनीचा फोन आहे, त्यांना हेच वीस सेकंदांत हवंय.

मी आत गेलो आणि करून दिलं.